विचारल्याशिवाय टाकलेलं नाव

मामी, सोनूचा फोन आला तेव्हा रडायच्या आधी मी त्याला एकच विचारलं, "घरात होती का बाहेर?"

तुझा पोरगा गोंधळला. त्याला वाटलं असेल, वनूताईला धक्का बसला, काहीतरीच विचारून राहिली. मग म्हणाला, "बाहेर. मागच्या अंगणात, बाजेवर. जेवली, आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर…"

मी इथं लुधियान्यात, कारखान्याच्या जिन्यात, स्वेटरच्या कॉलरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." शेजारच्या मशीनवरची बाई धावत आली. "की होया?" मी सांगितलं, मामी गेली. ती माझ्याकडं बघतच राहिली, कारण माझा चेहरा गेलेल्या माणसाच्या घरचा दिसत नव्हता. तिला काय समजावणार? भूकंपात अर्धं गाव भिंतीखाली गेलं त्यातून तू वाचलेली. छताखाली जीव जाऊ नये, एवढंच तुझं मागणं होतं. लातूरला भर थंडीत उंबऱ्याशी डोकं करून झोपायचीस, दाराला कडी लावू द्यायची नाहीस. चोर येईल म्हटलं की म्हणायचीस, "येऊ दे की. चोर आला तर भांडी नेईल. भिंत आली तर मला नेईल."

तर तू आभाळाखाली गेलीस, पोटभर जेवून, झोपेत. आठ दिवस झाले. मला रडू येतं, पण रडता रडता मध्येच बरं वाटतं, आणि मग बरं वाटलं म्हणून पुन्हा रडू येतं.

नांदेडहून अमृतसरला जाणारी गाडी माझ्या दारावरूनच जाते म्हण, पण दोन दिवस लागतात. मी पोचेपर्यंत तू थांबणार नव्हतीस. सोनूनं व्हिडिओवर दाखवलं. मला जास्त करून कुणाचा तरी कोपर दिसला आणि लिंबाचं झाड. मधी एकदा तुझी हिरवी साडी दिसली. तीच का ती, बाही उसवलेल्या चोळीवरची? मी इथून ओरडून विचारणार होते. नाही विचारलं.

तुझं शिक्षण, जन्मगाव, मागं कोण कोण, ते सोनूनं पेपरात दिलंय. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती आणि ती तुला माहीत होती. सगळी पुन्हा सांगू दे, सुरुवातीपासून. मधी बोलू नको.

नववीत मी शाळा सोडली. शिरूर अनंतपाळला रोज जायचं तर सकाळच्या एकाच गाडीवर भिस्त, आई अंथरुणाला खिळलेली. आई गेल्यावर तू मला लातूरला आणलंस. त्या वेळी शहरात क्लासेसचं पीक आलं होतं. नांदेड, उदगीर, परभणीकडची पोरं-पोरी डॉक्टर व्हायला येऊन पडत होती, आणि तू त्यांना डबे देत होतीस. मी भाकरी थापायला शिकले, डबे पोचवायला शिकले, आणि त्या पोरींच्या नादानं फोनवर मराठी टाइप करायला शिकले. शाळा सोडलेल्या पोरीला तू कधी "शिकली न्हाईस" म्हणाली नाहीस. पाहुण्यांना सांगायचीस, "आमची वनू हिशेबाची न्हाई, पण मान्सं वळकती." हे मला तेव्हा अपुरं वाटायचं. आता वाटत नाही.

मग तो दुपारचा धक्का बसला. साडेतीनचा सुमार असेल. मी मुलींच्या होस्टेलच्या खाली उभी होते, रिकामे डबे घ्यायला. आधी पिशवीतले डबे आपोआप वाजले. मग जमिनीतून घुर्रर्र असा आवाज आला, आपल्याकडं येतो तसा. क्षणभरच. पण वरच्या तीन मजल्यांवरच्या मुली जिन्यानं धावत खाली आल्या आणि जाळीच्या लोखंडी दाराशी अडकल्या. दुपारी दोन ते पाच अभ्यासाची वेळ, म्हणून दाराला बाहेरून कुलूप. किल्ली वॉचमनकडं, आणि वॉचमन घरी जेवायला गेलेला. जाळीतून हात बाहेर आले, मामी. कुणी माझं नाव घेत होतं, कुणी आईचं. मी दगड घेऊन कुलपावर मारत राहिले आणि दगडच फुटला. पंधरा मिनिटांनी वॉचमन मिशीला लागलेलं ताक पुसत आला.

कुणाला काही झालं नाही. घरी येऊन तुला सांगितलं तर तू परातीतलं पीठ तसंच ठेवलंस आणि अंगणात जाऊन बसलीस. "पुढचा धक्का इच्यारून येत न्हाई," एवढंच म्हणालीस.

मला वाटलं, हे आपणच करायचं. एका मुलीनं मला ऑनलाइन निवेदन कसं करतात ते दाखवलं होतं. वर मजकूर लिहायचा, खाली लोक आपलं नाव, गाव, खोली नंबर टाकत जातात आणि ती यादी सगळ्यांना दिसते. मी लिहिलं, "आम्हाला कोंडू नका." मग डब्यांची वही उघडली आणि बसल्या बैठकीला बासष्ट नावं टाकली. एकीलाही न विचारता.

मी लबाडी केली असं मला त्या दिवशी खरंच वाटलं नाही. आमच्या गावात पाण्याच्या टाकीचं निवेदन गेलं तेव्हा माझ्या बापानं अख्ख्या भावकीच्या सह्या एकट्यानं ठोकल्या होत्या. त्यातले दोघं तर ऊस तोडायला गेलेले. परत आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं? "आमचंबी टाकलं ना नाव?" लग्नपत्रिकेत नाव राहिलं की माणूस रुसतो, तसंच ते. मला भीती होती ती कुणी राहू नये याची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी जेवायच्या दुसऱ्या मेसमध्ये, त्यांची नावं मिळाली नाहीत तर मला चुटपुट लागली.

निवेदन गाजलं. पालकांच्या ग्रुपवर फिरलं, शहराच्या पानांवर फिरलं. मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते आणि वरण उतू जात होतं. दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या मालकानं यादी उघडली आणि एकेकीच्या घरी फोन लावायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी मेघा आली. उदगीरची, किराणा दुकानदाराची मुलगी. हातात बॅग, काखेत उशी. "मावशी, डबा बंद करा. मला काढलं. म्हणतात तू सही केलीस, यादीत सगळ्यात वर तुझंच नाव, तूच पोरींना भडकवलंस. मी सहीच केली नाही हो. पप्पांनाही खरं वाटंना." परीक्षेला पाच आठवडे राहिले होते.

तू तिची उशी काढून घेतलीस आणि माझ्या अंथरुणावर टाकलीस. "डबा कामून बंद करायचा? हितंच ऱ्हा, हितंच खा. वनूच्या घोरण्याची तयारी ठेव."

मग मला स्वयंपाकघरात बोलावलंस. पातेली घासत होतीस, वळूनसुद्धा बघितलं नाहीस.

"हिचं नाव कुणी टाकलं?"

मी धुतलेलं ताट उचलून पुसायला घेतलं.

"वने."

"मी."

"आनि बाकीच्यांची?"

"मीच. मामी, पण मुद्दा खरा हाय ना? कुलूप होतं का न्हाई?"

तू पातेलं खाली ठेवलंस. मला वाटलं आता बसते कानफटात. तू मला पत्र्याच्या शेडांची गोष्ट सांगितलीस, जी तोवर कुणालाच सांगितली नव्हतीस. भूकंपानंतर शेडांत राहत होतात. एक माणूस कागद घेऊन आला, म्हणाला जादा पत्रे मिळणार आहेत, अंगठे द्या. सगळे देत होते. तू चौथी शिकलेली, तुला वाचता येत होतं, तरी तूही अंगठा उठवलास, कारण पुढं सासू उभी होती आणि वाचत बसलं तर ती म्हणाली असती, लई शाणी. कागदावर पत्र्यांचं काही नव्हतंच. नवं गाव वरच्या माळावर बसवायला आमची हरकत नाही, असं होतं. पाण्याचा थेंब नसलेल्या माळावर. "पंधरा वरसं डोक्यावर घागरी वाह्यल्या म्या," तू म्हणालीस. "दर घागरीला माझा अंगठा आठवायचा. त्या मान्साचा न्हाई. माझा. तू तर पोरींचा अंगठाबी इच्यारला न्हाईस, परस्पर उठवलास."

"मग आता काय करू?"

"मेघाला सांग."

"सांगते. परीक्षा होऊ दे तिची."

"म्या सांगणार न्हाई. नाव तू टाकलंस, तोंडबी तुझंच लागंल." आणि पुन्हा पातेलं घासायला लागलीस. "आधी ती यादी पुस. मग नव्यानं करू, नीट."

इथं पोरींनी नवे फोन घेतले की मला विचारतात, दीदी, आपण फोनवरून काय करणार, आपल्याला कोण विचारतं? त्यांना मी तुझ्या पुढच्या पंधरा दिवसांचं सांगते. तुला ऑनलाइन हा शब्दसुद्धा धड म्हणता यायचा नाही, 'आनलान' म्हणायचीस. पण ते सगळं तूच चालवलंस.

दुपारी घरी जेवायला येणाऱ्या मुलींची पंगत बसली की तू मला उभी करायचीस आणि निवेदन मोठ्यानं वाचायला लावायचीस. पूर्ण. मग म्हणायचीस, "जिला पटलं तिनं सोताच्या फोनवरून सोताचं नाव टाकायचं. जिला पटलं न्हाई तिनं भाकर खावी, निवांत जावं. भाजी तेवढीच मिळंल." एक जण रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, माझे पप्पा ओरडतील." तू म्हणालीस, "मग नको टाकू गं. नाव टाकायलाच पायजे आसं कुठंय? तुझं अक्षर बरं हाय, तू मजकूर बारका कर. एवढं लांबड कोण वाचतंय?" तिनं माझ्या दोन पानांच्या चार ओळी केल्या. त्याच शेवटी फिरल्या.

एकीनं जाळीमागं उभ्या मुलींचा फोटो टाकला होता, घरातल्या कपड्यांत, रडणारे चेहरे. सगळ्यात जास्त लोक तोच बघत होते. तू काढायला लावलास. "लेकरं घाबरलीत ते जगाला कामून दाखवायचं? कुलूप दाखव की. कुलपाला लाज वाटू दे." मग रोज दुपारी अडीचला एक मुलगी आतून नुसत्या कुलपाचा फोटो काढायची आणि खाली तारीख, वेळ. बाकी शब्द नाही.

मधी कुठूनतरी खबर आली की धक्क्यात तीन मुली चेंगरल्या. ती आमच्या फायद्याची होती, खोटं कशाला बोलू, मला ती पुढं ढकलायचा लई मोह झाला. तू विचारलंस, "तू बघितलंस का ऐकलंस?" मग आम्ही त्या खबरीखाली सगळीकडं एकच लिहिलं, "आम्ही तिथं होतो. कुणी चेंगरलं नाही. पण कुलूप होतं." त्या दिवसापासून पालक आमचं खरं मानायला लागले.

आणि तक्रारी. महापालिकेच्या पानावर जिला करायची तिनं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या शब्दांत. एकीची उतरवून दुसरीनं टाकायची नाही. मेघानं दुसऱ्या खेपेला नाव दिलं नाही, ती भ्यायली होती, आणि का भ्यायली ते मला ठाऊक होतं. पण तक्रारींचे नंबर तिनंच वहीत उतरवले, कुणाला काय उत्तर आलं तेही. पहिलं उत्तर आलं, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. ते मी पंगतीत वाचलं. तू वाढता वाढता थांबलीस. "संबंधित म्हंजे कोन?" मुली हसल्या. पण त्या संध्याकाळी सगळ्यांनी हाच प्रश्न टाकला, संबंधित म्हणजे कोण, आणि दुसऱ्या दिवशीही टाकला, आणि तिसऱ्या.

तिसऱ्या आठवड्यात महापालिकेचे दोघं जण येऊन जिना बघून गेले. कुलूप निघालं, दाराला आतून कडी बसली. तू हातातलं काम टाकून बघायला गेलीस. कडी काढलीस, घातलीस, पुन्हा काढलीस. वॉचमन म्हणाला, "मावशी, मोडाल." तू म्हणालीस, "मोडली तर बरंच की."

आपलं भांडण त्याच्यानंतर सुरू झालं आणि संपलंच नाही. मी म्हणायचे, पहिल्या खोट्या यादीनंच मालकाच्या पोटात गोळा आला, ती नसती तर नंतरच्या तीस खऱ्या नावांना कुणी विचारलं नसतं. तू म्हणायचीस, त्या यादीनंच तीस झाली, न्हाईतर साठ झाली असती. लुधियान्याला आल्यावर फोनवरही हेच. एकदा तर तू म्हणालीस, "मुद्दा खरा आन् मान्सं खोटी, हे इलेक्शनमंदी चालतंय, माझ्या मेसमंदी न्हाई," आणि फोन ठेवलास. मामी, तुझं बरोबर होतं असं मी अजून पूर्ण म्हणणार नाही. थोडं माझंही होतं. आता जिंकायला तू नाहीस म्हणून मी हार मानली तर तुलाच आवडणार नाही.

पण मेघाचं. मेघा माझ्या गोधडीत झोपली, परीक्षा दिली. मी म्हणाले, निकाल लागू दे. निकालात तिचा डॉक्टरकीचा नंबर लागला नाही, आणि मग तर माझी जीभच टाळ्याला चिकटली. त्या पाच आठवड्यांमुळं गेला का? कुणाला माहीत. ती नांदेडला फार्मसीला गेली. माझं लग्न ठरलं, मी इकडं आले. तुझ्या प्रत्येक फोनच्या शेवटी ठरलेलं, "मेघाला सांगितलं का?" आणि मी, "सांगते." आधी दर फोनला विचारायचीस. मग कधीमधी. दोन वर्षांमागं तू विचारणं बंद केलंस. मी घाबरट आहे, तुला माहीत आहे. गॅस बंद केला का ते तीनदा बघणारी. तू रागावलीस तर मला झोप लागते, गप्प बसलीस की लागत नाही. तू विसरलीस, का माझा नाद सोडलास, हे मी कधी विचारू शकले नाही. आता ते कळणारही नाही. त्यावर माझ्याच सोयीचं उत्तर काढून मी माझं समाधान करणार नाही.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मेघाचा मेसेज आला. तुझ्या मातीला ती होती. "वनूताई, मावशी गेल्या. तुझी आठवण आली." रविवार होता. नवऱ्याला पोरांना घेऊन बाहेर पाठवलं, दार उघडं ठेवलं आणि फोन लावला.

"मेघा, तुझं नाव मी टाकलं होतं."

"कुठं?"

"यादीत. होस्टेलच्या. डब्याच्या वहीतून. सगळ्यांची मीच टाकली होती."

 तिकडं टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"पल्लवीनं नाही टाकलं?" ती म्हणाली.

पल्लवी म्हणजे तिची रूममेट, देगलूरची, बोलताना तेलुगू हेल काढायची. तुला आठवत असेल, भात दोनदा मागायची. यादीत मेघाचं नाव वडिलांच्या नावासकट होतं, म्हणून मेघाला वाटलं हे खोलीतलीनंच केलं. वडिलांचं नाव वहीत होतं कारण आपल्याकडं तीन मेघा जेवायच्या. पण हे तिला कुठून कळणार? मेघा त्या दिवसापासून पल्लवीशी बोललेली नव्हती. तिच्या लग्नालासुद्धा गेली नाही. मामी, मला वाटत होतं मी एकीचं नुकसान केलं.

"वनूताई," मेघा म्हणाली, "तू माझ्या शेजारी झोपत होतीस." आणि फोन ठेवला.

मी तिथंच बसून राहिले. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तासाभरानं फोन वाजला. मेघाच.

"थांब, ठेवू नको." मग तिनं तिसरा फोन जोडला; लांबून दुसरा आवाज, हेल तोच. "हलो? कोण आहे?"

"वनूताई, आता हिला सांग. मला सांगितलंस तसंच."

मी सांगितलं.  बासष्ट नावं, वही, न विचारता, सगळं. आणि हेही की तू मला तेव्हाच सांग म्हणाली होतीस.

पल्लवीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेघे, बावळट! मला तवा फॉर्म कसा भरतात तेबी येत नव्हतं. माझा अॅडमिशनचा फॉर्म तूच भरलीस की गं!"

"तू खाली मान घालून बसली होतीस, मी बॅग भरताना. मला वाटलं…"

"रडत होते मी! मग खाली मान नाही घालायची तर काय गच्चीवर जायचं?"

"मग बोललीस का नाही?"

"तू बोललीस का? माझ्या लग्नात जागा धरून ठेवली होती तुझ्यासाठी, पहिल्या पंगतीत!"

"मला पत्रिका कुठं आली?"

"आली होती! उदगीरच्या पत्त्यावर!"

दोघींचा आवाज चढत चढत एकाच वेळी यायला लागला, कोण काय म्हणतंय कळेना, त्यात एक हसत होती का रडत होती तेही कळेना. मी फोन कानाला धरून ऐकत राहिले. माझी गरज संपली होती. मी हळूच फोन ठेवला. दोघींना कळलंसुद्धा नाही.